जलविच्छेदनातील स्वस्त धातु-उत्प्रेरक

पाण्यातून विद्युत् प्रवाह पाठवून त्याचे हायड्रोजन व ऑक्सिजन यांत विभाजन करण्याच्या क्रियेस पाण्याचे विद्युत् विच्छेदन म्हणतात. सर्वसाधारण तापमानास या क्रियेला तत्त्वतः १·२३ व्होल्ट विद्युत् दाब पुरेसा असतो. परंतु औद्योगिक घटांत तो सु. १·८ ते २ व्होल्ट ठेवावा लागतो. या जादा दाबापैकी बराचसा अग्रांच्या पृष्ठावरील मंद विक्रिया घडवून आणण्यात खर्ची पडतो. तो कमी करणारा, पण दुर्मिळ नसलेला धातू शोधणे हाच या विषयाच्या इतिहासातील मुख्य प्रश्न होय.

विल्यम निकल्सन व अँथनी कार्लाइल यांनी १८०० मध्ये व्होल्टा यांच्या विद्युत् घटमालेच्या साहाय्याने पाण्याचे विच्छेदन केले. पितळेची तार वापरल्यास धनाग्राकडील तारेचेच ऑक्सिडीभवन होई. प्लॅटिनमाची तार वापरल्यावर तेथे ऑक्सिजन वायू मिळाला. अशा रीतीने मौल्यवान धातूंचे महत्त्व प्रारंभीच दिसून आले.

उद्योगात मात्र वेगळा मार्ग अनुसरला गेला. क्षारीय विद्रावात निकेल टिकून राहते, म्हणून दाहक पोटॅशाचा विद्राव आणि निकेल किंवा निकेलाचा मुलामा दिलेले पोलाद यांचे घट प्रचारात आले. नॉर्वेतील व्हेमॉर्क येथे १९२९ पासून जलविद्युत् शक्तीच्या साहाय्याने खतांसाठी हायड्रोजन तयार होऊ लागला. भारतात पंजाबातील नानगल येथील खत कारखान्यात (१९६१) भाखडा प्रकल्पाची वीज याच कामी वापरण्यात आली. त्याला जोडून १९६२ मध्ये जड पाण्याचा कारखाना निघाला. पुढे खनिज तेल व नैसर्गिक वायू यांपासून मिळणारा हायड्रोजन स्वस्त ठरल्याने ही पद्धती मागे पडली.

मरी रेनी यांनी १९२० नंतरच्या दशकात वनस्पती तेलांच्या हायड्रोजनीकरणासाठी सच्छिद्र निकेल तयार केले. निकेल व ॲल्युमिनियम यांच्या मिश्रधातूतील ॲल्युमिनियम क्षाराने विरघळवून ते मिळते. त्याचे पृष्ठफळ फार मोठे असल्याने पुढे ते ऋणाग्रावरही वापरण्यात आले. धनाग्राच्या बाबतीत एक अनपेक्षित गोष्ट आढळली. विद्रावातील लोहाच्या अल्प अशुद्धीमुळे निकेल ऑक्साइडावरील ऑक्सिजननिर्मिती सुलभ होते, असे डी. ए. कॉरिगन यांनी १९८७ मध्ये दाखविले. निकेल-लोह संयुगे आज क्षारीय माध्यमातील सर्वोत्कृष्ट स्वस्त उत्प्रेरकांत गणली जातात.

हायड्रोजनाचा अणू फार घट्ट वा फार सैल न धरणारा पृष्ठभाग ऋणाग्रास योग्य ठरतो, ही कल्पना रॉजर पार्सन्झ यांनी १९५८ मध्ये गणिताने मांडली. प्लॅटिनम या कसोटीस उतरते. याच विचारसरणीने २००५ मध्ये मॉलिब्डेनम डायसल्फाइडाकडे लक्ष वेधले गेले; त्याच्या स्फटिकांच्या केवळ कडाच क्रियाशील असतात, हे २००७ मध्ये सिद्ध झाले. मॅथ्यू केनन व डॅनियल नोसेरा यांनी २००८ मध्ये उदासीन पाण्यात कार्य करणारा व झीज झाल्यास विद्रावातून पुन्हा घडणारा कोबाल्ट-फॉस्फेट उत्प्रेरक तयार केला. निकेल फॉस्फाइडाचा उपयोग २०१३ मध्ये दिसून आला.

तथापि प्रश्न पूर्णपणे सुटलेला नाही. बहुवारिकाच्या पातळ पटलावर आधारलेले अम्लधर्मी घट आटोपशीर असून बदलत्या सौर व पवन विजेशी सहज जुळवून घेतात; पण त्यांतील धनाग्रावर निकेल, लोह व कोबाल्ट विरघळतात आणि इरिडियमाचाच आश्रय घ्यावा लागतो. या धातूचे जागतिक वार्षिक उत्पादन १० टनांहूनही कमी आहे. भारताने २०२३ मध्ये मंजूर केलेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानात २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनक्षमतेचे उद्दिष्ट ठेवले आहे. एवढ्या प्रमाणावर विपुल धातूंचे महत्त्व उघड आहे. मात्र उत्प्रेरक स्वस्त असून भागत नाही. तो हजारो तास टिकला पाहिजे आणि वीजही स्वस्त मिळाली पाहिजे. नानगलचा अनुभव हेच दर्शवितो : तेथे निकेल दुर्मिळ नव्हते, तर तीच वीज इतर कामांसाठी अधिक मोलाची ठरत गेली.