राजधानीच्या दारात चौदा वर्षे

वाचकहो, दापोडीच्या स्टेशनवर सकाळी उभे राहिले की एक माणूस हमखास दिसतो. अंगात धुतलेला सदरा, काखेत पिशवी आणि पिशवीत सातबाराचा उतारा, जुन्या अर्जाच्या नकला, कुणाची तरी शिफारसपत्रे. कधी तो पुण्याला कलेक्टर कचेरीत निघालेला असतो, तर कधी थेट मुंबईला मंत्रालयात. संध्याकाळी परतताना कुणी विचारले, "काय झाले हो कामाचे?" तर तो म्हणतो, "भेटले साहेब. चांगले बोलले. बघतो म्हणाले."

या 'बघतो' शब्दाचा इतिहास फार जुना आहे. हा शब्द ऐकत ज्यांनी परक्या राजधानीत चौदा वर्षे काढली, अशा एका मराठी माणसाची हकिकत आज सांगणार आहे. त्यांचे नाव रंगो बापूजी गुप्ते. राजधानी होती लंडन आणि काम होते साताऱ्याच्या छत्रपतींचे गेलेले राज्य परत मिळवण्याचे.

या गोष्टीचा एक धागा आमच्या दापोडीशी जुळतो. पेशवाईच्या अखेरीस येथे कॅप्टन फोर्डची पलटण होती. त्याचा बंगला 1828 च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी सरकारसाठी घेतला. मग पावसाळा आला की मुंबईचा लाटसाहेब दापोडीला मुक्कामाला येई. बंगल्याभोवती सरकारी वनस्पती-बाग होती. पुढे गणेशखिंडीत नवे गव्हर्नमेंट हाऊस झाले, त्याच इमारतीत आज पुणे विद्यापीठ आहे, आणि दापोडीचे महत्त्व संपले. पण त्या काळी वर्षातले काही महिने मुंबई सरकारचा दरबार या मुळा नदीच्या काठी भरत असे, हे ध्यानात ठेवा.

1818 मध्ये पेशवाई बुडाली. 1819 च्या सप्टेंबरात कंपनीने तह करून प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याचे लहानसे राज्य दिले. महाराज कामसू निघाले. रस्ते केले, शहराला पाणी आणले, शाळा काढल्या, छापखाना घातला. लंडनला कंपनीचे डायरेक्टर इतके खूश झाले की त्यांनी 1835 मध्ये शाबासकीचे पत्र आणि मानाची तलवार पाठवली. पण ही तलवार महाराजांच्या हाती पडलीच नाही. मधल्या मध्ये मुंबई सरकारने ती अडकवून ठेवली, कारण तोवर जहागीरदारांवर हुकमत कोणाची, यावरून महाराजांचे आणि सरकारचे बिनसले होते.

1836 मध्ये साताऱ्यात एक गुप्त चौकशी बसली. कंपनीच्या पलटणीतले सुभेदार फितवल्याचा आरोप महाराजांवर आला. पुढे गोव्याच्या पोर्तुगीजांशी आणि नागपूरच्या पदच्युत अप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधल्याचे आरोपही त्याला जोडले गेले. त्या वेळी मुंबईचे गव्हर्नर होते सर रॉबर्ट ग्रँट. हे ग्रँटसाहेब 9 जुलै 1838 रोजी येथेच, दापोडीच्या बंगल्यात वारले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजला नाव आहे ते यांचेच. साहेब गेले, पण प्रकरण गेले नाही.

नवे गव्हर्नर सर जेम्स कार्नाक 1839 च्या ऑगस्टात स्वतः साताऱ्याला आले. त्यांनी महाराजांपुढे कागद ठेवला. चूक झाल्याचे कबूल करून सही करा, गादी राहील. महाराज म्हणाले, जे केले नाही ते कबूल कसे करू? सही झाली नाही. सप्टेंबराच्या सुरुवातीला, रात्रीच्या वेळी, त्यांना वाड्यातून उचलून लिंब गावी नेले आणि नंतर काशीला धाडले. गादीवर धाकटे बंधू शहाजी ऊर्फ अप्पासाहेब बसले.

आता दाद मागायची कुठे? ज्याने शिक्षा दिली त्याच्याकडे जाऊन उपयोग काय? महाराजांनी ठरवले, थेट वरच्या दारात जायचे. यशवंतराव शिर्के, भगवंतराव विठ्ठल अशी माणसे आधीच विलायतेला गेली होती. त्यांच्यामागून 1840 मध्ये रंगो बापूजी लंडनला पोचले. बाकीचे यथावकाश माघारी फिरले, पण रंगो बापूजी राहिले.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात नकाशा असेल तर मुलांना साताऱ्यापासून लंडनपर्यंत बोट फिरवायला सांगा. सुएझचा कालवा 1869 चा, म्हणजे अजून व्हायचा होता. आगबोट तांबड्या समुद्रातून सुएझला येई, तेथे उतरून मिसर देशाची वाळू तुडवायची आणि अलेक्झांड्रियाला दुसरी बोट धरायची. पत्राला एका खेपेस दीड-दोन महिने लागत. काशीहून महाराजांनी प्रश्न विचारला तर उत्तर हाती यायला तीन-चार महिने! तोवर इकडचे आणि तिकडचे सारे बदललेले.

आणि हे लंडन कसे होते? कोळशाच्या धुराने काळवंडलेले, धुक्याचे, अफाट गर्दीचे. आगगाडी तिथे नुकतीच आलेली, आपल्याकडे ती यायला 1853 उजाडायचे होते. तिथे कंपनीची मोठी कचेरी लेडनहॉल स्ट्रीटवर होती. तिचे नाव ईस्ट इंडिया हाऊस. आत चोवीस डायरेक्टर. त्यांच्यावर भागधारकांची सभा. त्यांच्या बाजूला सरकारचे नियंत्रण मंडळ. सर्वांच्या वर पार्लमेंट. गावच्या माणसाला जसे तलाठी, तहसीलदार, प्रांत आणि कलेक्टर, तशीच ही उतरंड. या दारात गेले की ते त्या दाराकडे बोट दाखवायचे.

रंगो बापूजींच्या हे लौकर ध्यानात आले. त्यांनी भागधारकांचे दार धरले, कारण ज्याच्याजवळ कंपनीचे भाग त्याला सभेत उठून बोलता येत असे. गुलामगिरीविरुद्ध गाजलेला वक्ता जॉर्ज थॉम्सन आणि पार्लमेंटचे सभासद जोसेफ ह्यूम महाराजांच्या बाजूने उभे राहिले. आणखी नवल म्हणजे साताऱ्याचे माजी रेसिडेंट जनरल ब्रिग्ज आणि जनरल लॉडविक यांनीही महाराजांची बाजू घेतली. लॉडविक तर त्या गुप्त चौकशीत स्वतः बसलेले होते! 1841 मध्ये सभेत कित्येक दिवस वाद झाला. भाषणे झाली, ती छापली गेली, आणि मते मोजली तेव्हा महाराजांचा पक्ष हरला. पुन्हा अर्ज. पुन्हा सभा. 1846 मध्ये रंगो बापूजींनी स्वतःचे निवेदन इंग्रजीत छापून भागधारकांपुढे ठेवले.

मला या गोष्टीत एका इमारतीचे फार वाटते. लंडनचे जुने पार्लमेंट 1834 मध्ये जळाले होते. नव्याची कोनशिला 1840 च्या एप्रिलात बसली, म्हणजे रंगो बापूजी आले त्याच साली. 1847 मध्ये तिथे सरदारांची सभा भरू लागली, 1852 मध्ये कॉमन्सची. एवढा प्रचंड दगडी वाडा आमच्या वकिलाच्या डोळ्यांदेखत पायापासून वर आला. त्यांच्या कामाचा मात्र पायाही लागला नाही.

उलट इकडून वार्ता आली ती वाईट. 1847 च्या ऑक्टोबरात प्रतापसिंह महाराज काशीला वारले. 1848 च्या एप्रिलात अप्पासाहेबही गेले. डलहौसीने दत्तक नामंजूर करून सातारा खालसा केला. ज्याच्यासाठी भांडायचे तो धनी राहिला नाही आणि जे मागायचे ते राज्यही उरले नाही. इथे कुणीही म्हणाला असता, चला, संपले. रंगो बापूजी थांबले. महाराजांच्या मागे राहिलेल्या कुटुंबाचा आणि दत्तक मुलाचा हक्क तरी मिळावा, म्हणून आणखी पाच वर्षे थांबले. 1851 मध्ये हाइड पार्कात काचेचा महाल उभारून जगाचे प्रदर्शन भरले आणि त्यात आपल्याकडून गेलेला कोहिनूर मांडला. लाखो लोक तो पाहायला लोटले. त्याच शहरात एक मराठी माणूस कर्जात बुडून कागद लिहीत बसला होता. 1853 च्या अखेरीस तो परत निघाला. हात रिकामे.

पुढचे थोडक्यात सांगतो, कारण ते ऐकवत नाही. 1857 मध्ये साताऱ्याकडे उठावाचा कट उघडकीस आला. 8 सप्टेंबरला गेंडामाळावर सतरा जणांना देहांत शासन झाले. कुणाला फाशी, कुणाला गोळी, कुणाला तोफेच्या तोंडी. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. खुद्द रंगो बापूजींना पकडायला सरकारने आकाशपाताळ एक केले. ते सापडले नाहीत, ते आजतागायत.

मग चौदा वर्षे फुकट गेली का? माझे विद्यार्थी हा प्रश्न दरवर्षी विचारतात. मी त्यांना दोन गोष्टी सांगतो. पहिली अशी, की अर्ज, सभा, भाषण, छापील निवेदन हे सगळे सनदशीर मार्ग या माणसाने आधी झिजवले. कायद्याच्या दारावर इतकी वर्षे धडका मारून जो परत येतो, त्याच्या घरात 1857 साल शिरले, तर त्यात नवल ते काय? साहेबाने 'बघतो' म्हणून बोळवण केली, त्याची किंमत शेवटी दोन्ही बाजूंनी मोजली.

दुसरी गोष्ट कागदाची. रंगो बापूजींनी प्रत्येक आरोपाला लेखी उत्तर दिले आणि जमेल तेवढे छापून ठेवले. म्हणून तर कंपनीची बाजू तेवढी खरी, असे आज कुणाला म्हणता येत नाही. प्रबोधनकार ठाकरे यांना प्रतापसिंह छत्रपती आणि रंगो बापूजी यांच्यावर मोठा ग्रंथ लिहिता आला, तोही असा कागद मागे उरला म्हणून. खटला हरला, पण म्हणणे नोंदले गेले.

1858 मध्ये कंपनी सरकार मोडले. 1861 मध्ये लेडनहॉल स्ट्रीटवरची ती कचेरीही पाडून टाकली. ज्या दारात आमचा माणूस इतकी वर्षे उभा होता, ते दार आता जगात नाही.

तेव्हा वाचकहो, उद्या दापोडीच्या गाडीत पिशवी काखेला लावून कुणी कचेरीकडे निघालेला दिसला, तर त्याला हसू नका. थोडे सरकून बसायला जागा द्या. आणि जमल्यास एवढे सांगा, "बाबा, अर्जाची एक नक्कल स्वतःजवळ ठेवा, आणि त्यावर पोच घेतल्याशिवाय उठू नका."