फूट

फूट (स्त्रीलिंगी नाम) : एका मताने वा एका नेतृत्वाखाली चालणारा समूह दुभंगणे. मापाचा ‘फूट’ पुल्लिंगी असून त्याचा याच्याशी संबंध नाही. ‘फूट पडली’ म्हटले की कर्ता झाकला जातो. ‘फूट पाडली’ म्हणताच आरोप होतो. मतभेदात माणसे एकत्र राहू शकतात, फुटीत नाही. ‘दुमत’ तर बहुधा नकारातच भेटते : यात दुमत नाही. विरोधही फुटीहून वेगळा : कल्याण-डोंबिवली महापालिकेतून 2002 मध्ये वगळलेली 27 गावे 2015 मध्ये पुन्हा घेतली गेली, तेव्हा गावांतून झाला तो विरोध. त्याला फूट म्हणता येत नाही.

ठाण्यात हा शब्द जून 2022 मध्ये घरोघरी पोचला. कोपरी-पाचपाखाडीचे आमदार एकनाथ शिंदे शिवसेनेच्या बहुसंख्य आमदारांसह वेगळे झाले आणि 30 जूनला मुख्यमंत्री झाले. त्यांच्या गटाने या घटनेला ‘उठाव’ म्हटले, पक्षातील विरोधी गटाने ‘गद्दारी’, वृत्तपत्रांनी ‘बंड’. म्हणजे नावावरूनही फूट. ठाणे-डोंबिवलीत शाखांच्या ताब्यावरून दोन्ही गट समोरासमोर आले. निवडणूक आयोगाने 17 फेब्रुवारी 2023 रोजी पक्षाचे नाव व धनुष्यबाण शिंदे गटाला दिले.

कायद्यात मात्र या शब्दाला आज आधार नाही. संविधानाच्या पक्षांतरबंदीविषयक दहाव्या परिशिष्टात (1985) एक-तृतीयांश सदस्यांच्या फुटीला अपात्रतेपासून संरक्षण होते. 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने ते काढले. दोन-तृतीयांशांच्या संमतीने होणारे विलीनीकरण तेवढे उरले.