पटकी कोणाच्या पायांनी चालते?

आज ज्याला अहिल्यानगर म्हणतात त्या आपल्या नगर जिल्ह्यात पावसाळा तोंडाशी आला की जुन्या माणसांच्या पोटात गोळा उठे. भीती असे ती पटकीची. गावात दोघातिघांना ढाळवांती सुरू झाली, की मरीआईचा गाडा काढायचा आणि तो पुढच्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडायचा. ते गाव तो आणखी पुढे लोटी. रोग चालत येतो आणि चालत जातो, ही समजूत त्यामागे होती. वाचकहो, ही समजूत अगदीच खोटी नव्हती बरे का! प्रश्न एवढाच, की चालतो कोण?

हॉलंडमधील डेल्फ्ट गावी लेवेनहूक नावाचा कापडाचा व्यापारी होता. स्वतः घासलेल्या भिंगातून त्याने पाण्याचे थेंब पाहिले, आणि त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव धावपळ करतात, असे १६७६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. हात नाहीत, पाय नाहीत, आणि तरी धावतात!

पुढे १८८२ साली मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पिलाला काटा टोचून पाहिला. शरीरातल्या पेशी सरपटत येऊन काट्याभोवती गोळा झाल्या. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीही अशाच, अंगाचा एक भाग पुढे ढकलीत, जंतूंवर चालून जातात.

याच मेचनिकॉफचा शिष्य वाल्डेमार हाफकिन. डबक्यातले शेपटीवाले सूक्ष्मजीव हा त्याचा पहिला अभ्यास. १८९२ साली त्याने पटकीची लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली आणि दुसऱ्या वर्षी तो हिंदुस्थानात आला. मुंबईत प्लेग पेटल्यावर १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लसही त्याने प्रथम स्वतःच्याच अंगावर आजमावली. परळच्या त्याच्या प्रयोगशाळेला १९२५ साली त्याचे नाव मिळाले.

आता पटकीचा जंतू पाहा. १८८४ साली कलकत्त्यात रॉबर्ट कॉखने तो तळ्याच्या पाण्यातही दाखवून दिला. आकार स्वल्पविरामासारखा, आणि एका टोकाला एकच शेपूट. हे शेपूट चाबकासारखे वळवळत असावे, असे पुष्कळ दिवस वाटे. १९७० नंतरच्या प्रयोगांत सिद्ध झाले, की जंतूंचे शेपूट मुळाशी भिंगरीसारखे गरगर फिरते. पाण्याच्या ओघावर पाणचक्की फिरावी, तशी पटकीच्या जंतूची ही भिंगरी बाहेरून आत शिरणाऱ्या सोडियमच्या कणांवर फिरते. तिच्या जोरावर तो आतड्यातला बुळबुळीत थर भेदून आत पोहोचतो.

पण थोडा हिशेब करू. सेकंदाला मिलिमीटरचा दहावा भाग, असा त्याचा वेग धरला, तर दिवसभर नाकासमोर पोहूनही तो साडेआठ मीटरच जाईल. राहुरीहून नगरला यायला त्याला दहा-बारा वर्षे लागतील! पटकी मात्र ती वाट एका दिवसात कापी. आणि प्लेगच्या जंतूला तर मुळीच पोहता येत नाही. तरी त्याने मुलूखच्या मुलूख उजाड केले, कारण उंदीर आणि पिसवा त्याची वाहने झाली.

तेव्हा पटकीचे पाय कोणते? ते आपलेच. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघून नगरवरून पंढरीला जाते. तिथे जमलेल्या हजारो माणसांच्या पिण्याचे पाणी बिघडले, की परतणाऱ्यांबरोबर रोग गावोगाव पोहोचे. म्हणून वारीला निघणाऱ्यांना सुई टोचून घ्यावी लागे. दोष भक्तीचा नव्हता, पाण्याच्या अव्यवस्थेचा होता.

शिवेवर गाडा लोटणाऱ्याच्या हाताला तोच जंतू चिकटलेला असे, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? आपल्याला ते ठाऊक आहे. पटकी अजून समूळ गेलेली नाही. विहिरीचा काठ बांधून घ्या, पाणी उकळून प्या, हात धुवा. जंतूची भिंगरी आपल्याला थांबवता येणार नाही. पण त्याला आपले पाय उसने न देणे, एवढे तर आपल्या हाती आहे!