भिंतीआडचा हिशेब

30 जानेवारी 1948 रोजी हैदराबाद मुक्तिसंग्रामातील कार्यकर्त्यांनी नांदेड जिल्ह्यातील उमरीची बँक लुटली. निजामाच्या दफ्तरी तो दरोडा होता. पुढच्या पिढ्यांनी त्याची नोंद स्वातंत्र्यलढ्यात केली. गुन्हेगार कोण आणि देशभक्त कोण, याचा निकाल इतिहास कधी कधी असा फिरवतो. तुरुंगात बसलेला मार मात्र कोणत्याही फेरनिकालाने परत घेता येत नाही. म्हणूनच तुरुंगातील हिंसेचा प्रश्न कैद्याच्या अपराधाशी जोडून चालत नाही.

ही हिंसा एके काळी कायद्याच्याच पोटात होती. 1894 च्या तुरुंग कायद्याने बेड्यांसोबत 30 पर्यंत फटक्यांची शिक्षा सांगितली होती. फटके मागे पडले, तरी मारहाण उरली. तिहारमधील एका कैद्याने दुसऱ्या कैद्याच्या अमानुष छळाची हकिगत सर्वोच्च न्यायालयाला पत्राने कळवली. सुनील बात्रा प्रकरणात, डिसेंबर 1979 मध्ये, न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानून निर्णय दिला आणि तक्रारपेट्या व न्यायाधीशांच्या तुरुंगभेटी यांचा आग्रह धरला. बाहेरची नजर आत पोचावी, हाच त्यामागचा हेतू होता.

ती नजर पोचली नाही तर काय होते, हे जून 2017 मध्ये मुंबईच्या भायखळा कारागृहात दिसले. एका बंदिनीचा मृत्यू झाला आणि 6 महिला अधिकारी-कर्मचाऱ्यांवर खुनाचा आरोप आला. फिर्यादीनुसार वादाचे निमित्त होते 2 अंडी आणि 5 पाव यांचा न लागलेला हिशेब. तिच्यासोबतच्या बंदिनी बोलल्या, म्हणून आतले जगाला कळले.

याच्या नेमका उलट प्रयोग महाराष्ट्रातच त्याआधी 78 वर्षे सुरू झाला होता. औंध संस्थानाने 1939 मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले. तिथे कैद्यांना शेती दिली गेली आणि भिंतीऐवजी विश्वासाचा पहारा ठेवला गेला. पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन या कल्पनेमागे होते. ‘दो आँखें बारह हाथ’ (1957) हा व्ही. शांताराम यांचा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला. पटकथा ग. दि. माडगूळकरांची; ते आटपाडीच्याच परिसरातले. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी हा चित्रपट केवळ हृदयपरिवर्तनाची कथा म्हणून पाहू नये. काम, जबाबदारी आणि कुटुंबाचा सहवास मिळाला की माणसाला गमावण्यासारखे काही उरते आणि हात उगारण्याचे कारण कमी होते, हा त्यातला व्यवहार आहे.

अर्थात प्रत्येक कैद्याला शेतावर पाठवता येणार नाही. पण 2022 च्या अखेरीस देशातील दर 100 कैद्यांपैकी सुमारे 76 कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा होता. जामिनाची रक्कम नाही म्हणून अडकलेल्यांना सोडणे, कोठडीतली गर्दी कमी करणे, कैद्याच्या हाती कैद्यावरची सत्ता न देणे आणि तक्रारपेटीची किल्ली तुरुंगाधिकाऱ्याकडे न ठेवणे, एवढे तरी भिंती तशाच ठेवून करता येते. निर्दोष ठरून बाहेर येणाऱ्याच्या पाठीवर वळ असतील, तर त्या निकालाला न्याय कसे म्हणायचे?