मोर राहू द्या, तळ बघा

लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या बाजारात, मोडीच्या भांड्यांच्या ढिगात ती पडली होती. तळहाताएवढी पितळी वस्तू, वर मोरांची जोडी, हलवली की खुळखुळ. "देवाची घंटी हाय," विकणारा म्हणाला. शेजारच्या गृहस्थांनी तिला थेट ब्रह्मपुरीत नेऊन बसवलं. कोल्हापुरात जुनं काही दिसलं की ब्रह्मपुरी आलीच! पंचगंगेकाठच्या त्या टेकाडावर १९४५-४६ मध्ये उत्खनन झालं, सातवाहनकाळची वस्ती निघाली. तिथली पोसायडनची रोमन मूर्ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. पण ती कांस्याची, शतकानुशतकं मातीत राहिलेली. आमच्या मोरांवर मातीतला हिरवा गंज नव्हता, खाचांत साबणाचा पांढुरका कीट होता.

उद्यमनगरात ओतकामात हयात गेली, त्यामुळे मी आधी तळ बघतो. तळाला शंकरपाळ्यांसारख्या आडव्यातिडव्या खाचा. मधोमध झिजून गुळगुळीत, कडेला अजून बोचणाऱ्या. काजळीचा डाग नाही, म्हणजे चुलीशी संबंध नाही. ठसा असता तर झीज सारखी झाली असती. ही घासली गेली ती गोल, टणक जागेवर. टाचेवर.

वज्री ती. न्हाणीघरात पाय घासायची. ऐपत नसलेल्या घरी हे काम विटेचा तुकडा करी; ऐपत असलेल्यांनी मोर, पोपट, हत्ती ओतून घेतले. पुण्याच्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिव्यांच्या बरोबरीनं वज्र्याही जमवल्या आणि १९७५ साली सगळा संग्रह सरकारला दिला. तलवारी कुणीही जपतं. न्हाणीतली वस्तू जपायला वेगळी नजर लागते.

आता खुळखुळ. मातीचा गाभा करायचा, त्यातच खडा पुरायचा. वर मेणाचा थर, मेणावर नक्षी, त्यावर मातीचं लिंपण. भाजलं की मेण वितळून जातं आणि त्या जागी पितळेचा रस ओततात. गार झाल्यावर फटीतून गाभा कोरून काढायचा; खडा फटीपेक्षा मोठा, तो आतच राहतो. मोटारीच्या कास्टिंगला आम्ही वाळूचा कोअर घालतो, त्याचाच हा थोरला भाऊ. फटीशी चुंबक धरला तर आतला खडा धावत आला. लोखंडी!

टाच घासायच्या वस्तूसाठी एवढा उपद्व्याप. आमच्या कास्टिंगमध्ये काही सुटं वाजलं, तर माल रिजेक्ट होऊन परत येतो.