भुईमुगाचें बीं आणि पेरणीची वेळ

मुळा नदीच्या काठचें वाकड हें गांव १९९७ सालीं पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत आलें, आणि जेथें औत चालत असे तेथें आतां उंच इमारती उभ्या आहेत. त्या घरांतून उपवासाच्या दिवशीं साबुदाण्याच्या खिचडींत दाण्याचें कूट पडतेंच. हा दाणा मूळचा दक्षिण अमेरिकेंतला. तो दख्खनच्या शेतांत कसा स्थिरावला, हा इतिहास जितका बियाण्याचा, तितकाच पेरणीच्या वेळेचा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मार्सेय येथील तेलाच्या व साबणाच्या कारखान्यांची मागणी वाढली, तसा हिंदुस्थानांत भुईमुगाचा पेराही वाढला. मुंबई इलाख्यांत मात्र १८९० नंतर हें पीक खालावलें. पानांवर टिक्का पडे. तेंच तें बीं वापरल्यानें त्याचा कस गेला असें मानलें जाई. त्यांतच १८९६-९७ व १८९९-१९०० चे दुष्काळ आले. तेव्हां शेतकी खात्यानें स्पॅनिश, लहान जपानी अशा परदेशी जाती आणवून लावून पाहिल्या.

या बदलाचें मर्म साध्या हिशेबांत आहे. पसरी जातींना तयार होण्यास साडेचार ते पांच महिने लागत. जूनच्या अखेरीस पेरलेलें पीक नोव्हेंबरांत निघे, आणि पाऊस तर ऑक्टोबरांतच संपे. भुईमुगाचें फूल जमिनीवर येतें. त्यांतून निघालेली आरी मातींत शिरते, तेव्हां तिच्या टोकाशीं शेंग धरते. माती वाळून टणक झाली, तर आरी आंत शिरत नाहीं. पेरणीस जितका उशीर, तितक्या शेंगा कमी, तो यामुळें.

उपटी जाती सुमारें शंभर-एकशेंदहा दिवसांत तयार होतात, म्हणून त्या पावसाच्या मापांत बसल्या. पुढें जळगांव येथून १९६५ सालीं 'एस. बी. ११' ही जात आली व त्यानंतर 'फुले प्रगती'. जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पेरावयाचा उन्हाळी भुईमूगही बागायती भागांत पसरला.

परंतु लवकर येणाऱ्या जातींतही एक खोट असते. जुन्या पसरी जातींचें बीं काढणीनंतर कांहीं आठवडे सुप्त राहतें. उपटीचें बहुधा राहत नाहीं. तयार पिकावर परतीचा पाऊस कोसळला, तर दाणे शेंगेंतच मोडावतात. म्हणजे लवकर पेरण्यासही मर्यादा आहे, आणि जात व मुहूर्त हे दोन निर्णय निरनिराळे घेतां येत नाहींत.

या निर्णयाचें मोल शेतकऱ्याच्या घरांत लगेच कळतें. एकरीं सुमारें चाळीस किलो दाणे बियाण्यासाठीं लागतात; इतर पिकांच्या मानानें हा खर्च भारी. मृगाच्या पहिल्या सरीवर ते पेरले आणि पुढें पावसानें ओढ दिली, तर बीं गेलें. पुढच्या पावसाची वाट पाहिली, तर उत्पन्न घटलें. शहरांतल्या मूठभर कुटामागें कोणाचा तरी असा पैजेचा आठवडा गेलेला असतो.