कॉलेजची फी आणि मजुराचा रोज

कॉलेजची पायरी चढून सहा महिन्यांच्या आत उतरलेल्या माणसाने कॉलेजच्या फीचा इतिहास सांगावयाचा, यात थोडी गंमत आहे खरी. पण युनियनच्या कचेरीत तीस वर्षे बसून आम्हांला एक खोड लागली आहे. कोणताही आकडा पुढे आला की तो किती दिवसांच्या रोजाएवढा, हे आम्ही आधी मनाशी मांडतो. ज्वारीचे तसे, घरभाड्याचे तसे, फीचेही तसेच. तोच हिशेब आज जरा मागे नेऊन आपल्यापुढे ठेवतो.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले. पंचवीस वर्षांनी, १८८२ मध्ये, जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे आपले निवेदन दिले. सरकारी तिजोरीतला पैसा येतो रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा आक्षेप होता. कमिशनने दुसरीच वाट धरली. सरकारने उच्च शिक्षणातून हळूहळू अंग काढून घ्यावे, खाजगी संस्थांनी पुढे यावे, आणि त्यांनी सरकारी कॉलेजांपेक्षा कमी फी घेतली तरी चालेल, असे सुचवले. त्याच हवेत १८८५ साली पुण्यात फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. तेथे गोखल्यांसारख्यांनी महिना पंचाहत्तर रुपयांवर वीस वर्षे शिकवण्याची शपथ घेतली. म्हणजे शिक्षण स्वस्त ठेवण्याचा भार मास्तरांनी आपल्या पगारावर घेतला. युनियनवाल्याने या स्वखुशीच्या वेतनकपातीचे कौतुक करावे की नाही, हा वाद आम्ही आज काढत नाही.

मात्र पंचाहत्तर हा आकडा ध्यानात ठेवावा. तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

१९२७ च्या मार्चमध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात अंदाजपत्रकावर चर्चा चालली होती. डॉ. आंबेडकर नुकतेच सभासद झालेले. त्यांनी सरकारचेच आकडे काढून दाखवले. आर्ट्स कॉलेजांच्या खर्चापैकी सुमारे ३६ टक्के, हायस्कुलांच्या ३१ टक्के आणि मिडल स्कुलांच्या २६ टक्के रक्कम मुलांच्या फीमधून वसूल होत होती. याला त्यांनी सरळ शिक्षणाचा व्यापार म्हटले. शिक्षणखाते हे जितके दिले तितके वसूल करण्याचे खाते नव्हे, खालचे वर्ग आता कुठे शाळेच्या दारापर्यंत येत आहेत, तेव्हा शिक्षण होईल तितके स्वस्त केले पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता. आम्हांला या भाषणातला आवेश आवडतो, पण त्याहून ती टक्केवारी अधिक आवडते. पगारवाढीच्या बोलणीत मालकाचाच ताळेबंद त्याच्या पुढ्यात ठेवावा लागतो, तसेच हे झाले.

पण नुसती फी कमी करून भागते काय? खेड्यातल्या मुलाला कॉलेज महाग पडते ते फीने कमी, आणि शहरात राहण्या-खाण्याने जास्त. हे ज्यांना आधी उमगले त्यांनी फीच्या तक्त्याला हात घालण्यापूर्वी चूल पेटवली. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले, आणि मग त्या शहरात एकेका जातीची वसतिगृहे उभी राहत गेली. भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केले. सगळ्या जातींची पोरे तेथे एका पंक्तीला. धान्य गावोगावच्या मुठीमुठीतून यावयाचे, आणि ते संपले तेव्हा लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रही. १९४७ साली त्याच साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. विद्यार्थ्याने श्रम करावे आणि त्यावर शिकावे, ही तिथली रीत. मुंबईत १९४६ साली सुरू झालेल्या सिद्धार्थ कॉलेजात सकाळचे वर्ग होते, म्हणून नोकरी करणाऱ्या पोराला वर्ग आटोपून कामावर जाता येई. फी एक पैसाही कमी न करता, नुसते घड्याळ हलवून कॉलेज स्वस्त करता येते, हे पाहून आम्ही चकित झालो होतो. रोज बुडाला नाही, एवढीच त्यातली युक्ती.

स्वातंत्र्यानंतरचे मोठे पाऊल १९५९ चे. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, ज्या घराचे उत्पन्न वर्षाला नऊशे रुपयांच्या आत, त्या घरच्या मुलांना फी माफ झाली. नऊशे भागिले बारा म्हणजे महिना पंचाहत्तर! फर्ग्युसनच्या प्राध्यापकाने त्याग म्हणून पत्करलेला पगार पाऊणशे वर्षांत गरिबीची रेषा होऊन बसला होता. पुढे ही मर्यादा बाराशेवर गेली. ई.बी.सी. ही तीन अक्षरे खेड्यापाड्यांत ग्रामदेवतेच्या नावाइतकी परिचित झाली. तालुक्याच्या गावी कॉलेजे निघाली, आणि सकाळच्या एस.टी.ने गावाकडून येणारे डबे तेथल्या स्टँडवर ओळीने मांडलेले दिसू लागले.

या सवलतीची एक अडचण आम्ही स्वतः भोगली आहे. १९८६ साली आम्ही दहावी पास होऊन अकरावीत नाव घातले. वडील यंत्रमागावर. ई.बी.सी.च्या फॉर्मला उत्पन्नाचा दाखला हवा, दाखल्याला पगाराचा पुरावा हवा, आणि कारखानदार तर पगार कागदावर दाखवावयास तयार नाही. कचेरीतल्या कारकुनाने तीनदा परत पाठवले. चौथ्या वेळी मुदत संपली होती. आईने फीचे पैसे उसने आणून भरले, पण वह्या, बसचा पास आणि वडिलांचे आजारपण यांना काही उसने मिळेना. दिवाळीनंतर आम्ही मागावर उभे राहिलो. कॉलेजच्या हजेरीपटात दोनच शब्द पडले असतील: नाव कमी. फी वाढल्याने किती मुले गळाली, असे कोणी विचारले की आम्हांला हे दोन शब्द आठवतात. त्यांच्यापुढे कारण लिहिण्याचा रकानाच नसतो.

आता १९८२ आणि १९८३ ही दोन साले शेजारी ठेवून पाहा. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यांतले बहुतेक परत आत गेलेच नाहीत. दुसऱ्याच वर्षी वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित इंजिनियरिंग कॉलेजांना परवानगी दिली. दादा स्वतः फारसे शिकलेले नव्हते, आणि त्यांचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणणार नाही. आपली मुले देणग्या भरून कर्नाटकात जात होती आणि नवी कॉलेजे काढावयास सरकारपाशी पैसा नव्हता. जागा वाढल्या, हे खरेच. पण खर्च आला सगळा पालकाच्या अंगावर, आणि तोही अशा वेळी, की हजारो पालकांचा पगारच थांबला होता.

पुढचा इतिहास कोर्टकचेऱ्यांचा आहे, तो थोडक्यात सांगतो. देणगी घेण्यास बंदी करणारा कायदा महाराष्ट्राने १९८७ साली केला. १९९२ च्या मोहिनी जैन खटल्यात कर्नाटकातल्या वैद्यकीय शिक्षणाच्या फीचे आकडे बाहेर आले: सरकारी जागेला वर्षाला दोन हजार, परराज्यातल्या मुलाला साठ हजार. १९९३ साली सुप्रीम कोर्टाने निम्म्या जागा मोफत आणि निम्म्या पैशाच्या, अशी वाटणी घालून दिली. २००२ साली तीही मोडली. मग फी ठरवावयास समित्या आल्या, आणि २०१५ च्या कायद्याने महाराष्ट्रात शुल्क नियामक प्राधिकरण आले. दरम्यान इंजिनियरिंगच्या जागा रिकाम्या पडू लागल्या होत्या. आत बाके मोकळी आणि बाहेर शिकू पाहणारी पोरे, हे दृश्य आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. मालाला उठाव नाही म्हणून माग बंद ठेवावा आणि विणकराच्या अंगावर सदरा नसावा, त्यातलाच हा प्रकार.

जुलै २०२४ मध्ये सरकारने आणखी एक निर्णय घेतला. घरचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असले, तर केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या मुलींची पूर्ण फी माफ. पूर्वी यांतल्या अनेकींना निम्मीच सवलत होती. निर्णय चांगला आहे, आणि चांगल्याला चांगले म्हणण्यात आम्हांला कमीपणा वाटत नाही. त्या हंगामात आमच्या कचेरीतल्या टेबलावर मागणीपत्रांऐवजी मुलींचे फॉर्मच पडलेले असत. उत्पन्नाचा दाखला तोच, आणि पगार कागदावर न दाखवणारा कारखानदारही जवळपास तोच. तरी यंदा युनियनने शिक्का मारून पत्रे दिली, आम्ही स्वतः दोनदा तहसीलला जाऊन बसलो, आणि आमच्या एका सभासदाच्या मुलीला इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला. फी शून्य. वसतिगृहात मात्र जागा नाही, खोली बाहेर घ्यावी लागणार, आणि खोली व मेस मिळून महिन्याचा खर्च तिच्या बापाच्या बारा दिवसांच्या रोजाएवढा होतो. तो कसा उभा करावयाचा, हे ठरवण्यासाठी येत्या रविवारी कचेरीत बैठक ठेवली आहे.